अ‍ॅस्पिरिनच्या गोळीने कडवळ तगत नाही

पावसाने ओढ दिली की कडवळाबद्दल, म्हणजे चाऱ्याच्या ज्वारीबद्दल, हा निरोप हटकून फिरतो: “15 लिटरच्या पंपात अ‍ॅस्पिरिनची एक गोळी टाकून कडवळावर फवारा. पाणी निम्मं लागेल, चारा दुप्पट निघेल, जनावरांना काही अपाय नाही.” या आठवड्यात चौघांनी मला तो पाठवला.

गोळीचं आधी पाहू. अ‍ॅस्पिरिन पाण्यात हळूहळू फुटून सॅलिसिलिक आम्ल बनतं, आणि ते झाडाचं स्वतःचं संप्रेरक आहे, हे खरं. पाण्याच्या बेताच्या ताणात त्याने पिकाला आधार मिळतो, असं प्रयोगांत दिसलंय. पण तिथे मात्रा सहसा लिटरला 70 ते 140 मिलिग्रॅमच्या आसपास असते. 325 मिलिग्रॅमची गोळी 15 लिटरमध्ये टाकली तर लिटरला जेमतेम 22 येतात. मूठभर टाकाल तर पानं करपतील.

“पाणी निम्मं, चारा दुप्पट.” हे दोन्ही एकदम होत नाही. ताणात अ‍ॅब्सिसिक आम्ल हे झाडाचं दुसरं संप्रेरक पानांवरची रंध्रं मिटवतं, तेव्हा पाणी कमी उडतं. पण कार्बन डायऑक्साइड त्याच रंध्रांतून आत येतो, म्हणून वाढही मंदावते. जिबरेलिक आम्ल या वाढीच्या संप्रेरकानेही पाण्याविना चारा वाढत नाही. द्राक्षाचे मणी फुगवायला ते चालतं, कारण तिथे मुळाशी पाणी असतं. तहानलेल्या कडवळाचं कांडं ताणून ओल कुठून येणार?

“अपाय नाही” हे वाचून मात्र संताप येतो. ताणातल्या कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचं द्रव्य साठतं आणि जनावराने ती चावली की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल हे विष सुटतं. यालाच आपण किराळ लागणं म्हणतो. गेल्या भाद्रपदात आमच्या वस्तीवर एक गाय कापलेल्या कडवळाच्या फुटव्यांत शिरली. आदल्या दिवशीच सर येऊन गेली होती, फुटवे हिरवेगार होते. अर्ध्या तासात ती धापा टाकू लागली, तोंडाला फेस आला, मागचे पाय लटपटले. डॉक्टरांनी शिरेतून सोडियम थायोसल्फेट दिलं म्हणून उठली. फवाऱ्याने हे विष जात नाही. उलट पीक टवटवीत दिसलं की विळा लवकर लागतो, आणि धोका नेमका तिथेच आहे.

फवाऱ्याचे पैसे हाताशी असतील तर पोटरीत, म्हणजे कणीस बाहेर पडण्याआधी, एक पाणी द्या. कडवळ फुलोऱ्यात आल्यावरच कापा आणि ताणानंतरच्या पावसाने फुटलेल्या धुमाऱ्यांत गुरं सोडू नका.