मी पाणाड्या नाही

बेळगुंदीकडच्या शिवारात, ऐन रताळी काढायच्या दिवसांत, हातात मोजपट्टी घेऊन उभं राहू नये. रिंगरोडला जमीन जाणार या धास्तीनं बेळगावचा सगळा पश्चिम भाग धुमसत असताना तर मुळीच नाही. आता माझी मोजपट्टी काही मोजत नव्हती, पण हे सांगणार कुणाला?

थोडक्यात उरकतो. मी हौशी रेडिओवाला, म्हणजे हॅम. केंद्र सरकारची परीक्षा देऊन रीतसर लायसन काढलेला. राहायला हिंडलग्याला. (हिंडलगा म्हटलं की परगावचा माणूस आधी तुरुंगाची चौकशी करतो आणि मग माझ्याकडं जरा निरखून बघतो. ते असो.) गणपती झाल्यापासून 40 मीटरवर, म्हणजे 7 ते 7.2 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सेट लावला की टक्... टक्... टक्... सेकंदाला एक. हुबळीचा मित्र ‘नमस्कार’ म्हणाला तर इकडं ‘नम-टक्-कार’.

असं झालं की आधी स्वतःचंच घर तपासायचं. मी मेन स्विच पाडला, सेट बॅटरीवर लावला आणि ऐकलं. टकटक तशीच. त्यात मालिका ऐन रंगात असताना टीव्ही गेल्यामुळं बायकोचाही आवाज आला, तो या टकटकीपेक्षा बराच मोठा होता. मग शेजारपाजारचे बल्ब आणि चार्जर झाले. स्वस्तातल्या एलईडी बल्बात चार पैसे वाचवायला फिल्टरचे सुटे भाग गाळतात, आणि मग तो बल्ब उजेडाबरोबर आमच्या सेटात खरखरही पाडतो. पण ती खरखर सलग असते, अशी घड्याळ लावून येत नाही.

पुढचं काम लूप अँटेनाचं. पीव्हीसी पाइपावर गुंडाळलेली तांब्याची तार, दुसरं काही नाही. यात आवाज कुठून जोरात येतो ते नेमकं कळत नाही, कुठं मरतो ते मात्र पक्कं कळतं. म्हणून गच्चीवर उभं राहून लूप हळूहळू फिरवायचा आणि आवाज मेला की नकाशावर रेघ ओढायची. एक रेघ माझ्या गच्चीवरून, दुसरी उचगावच्या मित्राच्या. दोन्ही जाऊन भेटल्या त्या रताळ्याच्या रानात.

जवळ पोचल्यावर सेट वरच्या फ्रिक्वेन्सीला न्यायचा, विमानांचं बोलणं ऐकू येतं तिथं, आणि यागी, म्हणजे रोखलेल्या दिशेचं जास्त ऐकणारा अँटेना धरायचा. जगभरचे हॅम हा अँटेना सुताराच्या स्टीलच्या मोजपट्टीचे तुकडे पाइपावर बसवून करतात. झुडपात अडकला तरी वाकतो आणि परत सरळ होतो. माझाही तसलाच आहे. पिवळाधमक, आकडे छापलेला.

“काय मोजालाय?”

बांधावर एक म्हातारे. डोक्याला टॉवेल, हातात विळा.

“मोजत नाही मामा, ऐकतोय.”

“पट्टीनं ऐकालाय?”

मागं रताळी काढणाऱ्या दोन बायका उठून उभ्या राहिल्या. रस्त्यावर एका पोरानं गाडी थांबवली आणि खिशातून मोबाईल काढला.

“रिंगरोडचं आसलं तर आत्ताच सांगतो. उतारा माझ्या नावावर हाय. एक गुंठा द्यायचा न्हाई.”

“रिंगरोडचा नाही हो मी. रेडिओचा.”

“धारवाड आकाशवाणी?”

“नाही. हौशी. आम्ही घरनं बोलतो, लांबलांबच्या लोकांशी.”

“मग फोन न्हाई व्हय तुमच्याकडं?”

याला उत्तर असतं. लायसन काढल्यापासून मी ते देत आलोय आणि आजवर ते कुणाला पटलेलं नाही. मी 2004 सालच्या त्सुनामीवर आलो. सांगितलं, की भारती प्रसाद म्हणून बाई आहेत, त्या रेडिओच्या हौसेपायीच तेव्हा पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. 26 डिसेंबरला समुद्र आत आला, फोन बसले, आणि त्यांच्या सेटवरनं अंदमानातल्या लोकांचे निरोप बाहेर गेले. मामांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

“म्हणजे पाणी आलं तितं?”

“पाणी? अहो, पाणीच पाणी.”

मामांनी विळा कमरेला खोवला. मी सेट कानाला लावून वळतोय, थांबतोय, परत वळतोय, दोन पावलं पुढं टाकतोय, हे त्यांनी आता वेगळ्या नजरेनं पाहिलं.

“हात्तिच्या! आधी सांगायचं न्हाई व्हय? पाणी बघालाय!”

“नाही हो!”

“आमचा पाणाड्या नारळ घिऊन फिरतोय. तुमचं विंग्लिश दिसतंय.” मग बायकांकडं वळून, “आगं, च्या ठेवा. पाणाडे आल्यात.”

पोरानं मोबाईल खाली केला. मारामारी होत नाही म्हटल्यावर त्याला काय राम राहिला?

नंतर मी जे जे बोललो ते विनय समजलं गेलं. मामांनी सेट स्वतःच्या कानाला लावून टकटक ऐकली आणि “झरा वाजालाय” असा निकाल दिला. त्यांच्या दोन बोअर चारशे फुटांवर कोरड्या गेलेल्या, वर नुसता धुरळा आला म्हणे. राकसकोपचं धरण हाकेच्या अंतरावर, पण ते पाणी शहराला. ज्या शहरात मी सकाळी नळाची चावी सोडून दात घासतो त्या शहराला, हे मी बोललो नाही.

यागी शेवटी बांधाच्या कोपऱ्यावर येऊन ठेपला. रानडुकरांसाठी तार ओढलेली, शेडला सोलरवरचं झटका मशीन. एका खुंटावरचं इन्सुलेटर गेलेलं, त्याजागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा. पुढं तार तुटली होती ती बाइंडिंग वायरीनं पिळून जोडलेली, गंजून काळी पडलेली, आणि तिच्यावर वीतभर गवत लोळत होतं. खाली वाकून बघितलं. दर ‘टक्’ला त्या जोडात एक बारीक निळी ठिणगी उडत होती. माझ्या सगळ्या संध्याकाळी खाल्ल्या त्या या ठिणगीनं.

“मामा, मशीन चालू राहू दे. फक्त एवढं गवत कापा आणि हा जोड नवा करा. गवत लागलं की झटका तिथंच मुरतो, डुकराला लागतच नाही.”

“ते बघू की. आधी पाणी सांगा.”

माझा राग इथं आहे. पूर आला, टॉवर बसले, की सगळ्यांना आम्ही हवे. 2019 च्या ऑगस्टात मलप्रभा, घटप्रभा, कृष्णा एकदम फुगल्यावर गल्लीतल्या ज्यानं त्यानं मला ‘तुमचं ते मशीन चालतंय न्हवं?’ म्हणून विचारलं होतं. पाणी उतरल्यावर त्यातलाच एक माझ्या अँटेनामुळं चिमण्या गेल्या म्हणून भांडायला आला. या छंदात एक पैसा घ्यायची आम्हाला परवानगी नाही. पेट्रोल घरचं, उन्हातान्हात फिरायचं, आणि बदल्यात मागायचं काय, तर वीतभर गवत कापा. तेही ‘बघू की’. रीतसर तक्रार अर्ज करता येतो. पूर्वी एका प्रकरणात केलाय. पोच मिळाली.

चहा प्यालो, उकडलेली रताळी खाल्ली. चांगली होती, हे कबूल करायला हवं. निघताना पाहिलं, तर मी वाकून ठिणगी बघत होतो नेमक्या तिथं मामा खुंटी ठोकत होते. वर हळदकुंकू. गुरुवारी बोअरची गाडी येणार म्हणे. मी परत परत नाही म्हणालो, त्यांनी हातात नारळ ठेवला.

जोड नवा केला की कळवा म्हणून मी माझा नंबर देऊन आलो होतो. जोड तसाच आहे, आत्ताही वाजतोय. नंबर मात्र तुरमुरी, बेक्किनकेरेपर्यंत पोचलाय. काल सेटवर बसलो आणि फोन वाजला. म्हटलं, “मी पाणाड्या नाही हो, हा आमचा छंद आहे, आम्ही पैसे घेत नाही.”

“ऱ्हाऊ दे की,” पलीकडचा म्हणाला, “दोन बोअरचं मिळून किती घेता, ते सांगा.”