साहेबच कोर्ट, मग घाबरतोस कशाला?

गड्या, समरी कोर्ट मार्शल, म्हणजे पलटणीतच चालणारा जवानाचा झटपट लष्करी खटला म्हटलं की तुझ्या पोटात गोळा येतो. उगाच. परक्या न्यायाधीशापुढे उभं राहायचं असतं तर गोष्ट वेगळी. इथे ज्यांनी आरोप पहिल्यांदा ऐकला, पुरावा लिहून घ्यायला लावला आणि खटला चालवायचं ठरवलं, तेच तुझे सीओसाहेब, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, न्यायालाही बसणार. आर्मी ॲक्टच्या कलम 116 प्रमाणे ते एकटेच कोर्ट. सोबत दोन अधिकारी किंवा जेसीओ (सुभेदारासारखे ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) हजर असतात, पण त्यांना ना शपथ, ना मत. लग्नात अक्षता टाकायला माणसं लागतातच ना, तशी.

टोपी-पट्टा काढून आत गेलास की आरोप नीट ऐक. कलम 63 असेल तर नाही ऐकलास तरी चालेल. 'शिस्तीला बाधक कृत्य' या पोत्यात काहीही मावतं.

वकील? खुशाल आण. 1954 च्या आर्मी रूल्समधला नियम 129 फार उदार आहे. वकिलाने तुझ्या कानात सल्ला द्यावा, प्रश्न सुचवावेत. साक्षीदाराला विचारायचं नाही, कोर्टाशी बोलायचं नाही. उलटतपासणी तूच घ्यायची. समोर तुझाच सुभेदार, तू सावधानमध्ये. 'साहेब, आपण खोटं बोलताय' हे वाक्य आदल्या रात्री बराकीत घोकून ठेव. आवाज खाली, नजर समोर.

मोठ्या कोर्ट मार्शलमध्ये आरोपीला विचारतात, बसलेल्यांपैकी कोणावर हरकत आहे का? समरीसाठी कलम 130 मध्ये ही भानगडच ठेवलेली नाही. एकट्यावरच हरकत घेतलीस तर कोर्ट कुठून आणायचं? सिग्नलमन, म्हणजे संदेशवहन दलाचा जवान, रणजित ठाकूरने साहेबांच्या जाचाची तक्रार परस्पर वर धाडली, त्याबद्दल 28 दिवसांची कैद झाली. त्याच कैदेत मे 1985 मध्ये त्याने जेवण नाकारलं. समरी कोर्टात न्यायाला बसले तेच साहेब. एक वर्ष सक्तमजुरी, वर डिसमिस. 1987 मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळं रद्द केलं, पण तेवढा दम तुझ्यात आहे का? त्यापेक्षा लंगरची डाळ कशीही असो, वाटी चाटून पुसून ठेव.

शिक्षेला वरून मंजुरी सहसा लागत नाही, लगेच अंमल. कागद नंतर ब्रिगेडला किंवा डिव्हिजनला जातात. तिथले साहेब निकाल फिरवू शकतात, पण केवळ तांत्रिक कारणावरून नाही. म्हणजे नियमांची चूक काढायला रात्र जागवलीस, ती झोप गेली ती गेलीच.

राहिलं आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल, म्हणजे सैनिकांनी दाद मागायचं न्यायाधिकरण. 2007 च्या कायद्याने आलेलं, मुंबईतही बेंच आहे. फक्त समरीतली कैद तीन महिन्यांच्या आत बसली तर दार बंद. तीन महिन्यांच्या वर गेली किंवा डिसमिस झालास, तरच उघडतं. तेव्हा दयेची याचना करायची वेळ आली की डोकं शांत ठेव आणि हात जोडून म्हण, 'साहेब, एक दिवस वाढवून द्या.' लेफ्टनंट कर्नल असतील तर वर्षापर्यंत देतील. मेजरसाहेब असतील तर त्यांचा हात तीन महिन्यांवर थांबतो. मग डिसमिसच मागून घे.