केमोच्या वॉर्डात मालीश करणारे हातही हवेत

डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केले, तेव्हापासून मिरजेत उपचारांसाठी दूरदूरची, अगदी कर्नाटकातलीही माणसे येतात. तपासण्या, शस्त्रक्रिया, केमो यांत आपले गाव कुठे कमी नाही. पण केमो घेऊन घरी गेलेल्या माणसाला झोप लागत नाही, अन्नाचा वास सोसत नाही, तेव्हा त्याच्याकडे कोणी बघायचे, हा प्रश्न मावशीच्या आजारपणात मला फार जाचला.

म्हणूनच नेहमीच्या उपचारांना मालीश, कला आणि शुश्रूषेची जोड देणाऱ्या अँथ्रोपॉसॉफिक वैद्यकाबद्दल मला आस्था वाटते. ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनर आणि डॉ. इटा वेगमन यांनी ते उभे केले. वेगमन यांनी १९२१ मध्ये स्वित्झर्लंडमधील आर्लेसहाइमला दवाखाना काढला. जर्मनीत हेर्डेके येथे १९६९ पासून याच विचाराचे रुग्णालय चालते. तिथे अतिदक्षता विभागही आहे आणि त्याच छपराखाली तालबद्ध मालीश, चित्रकला, युरिथ्मी नावाच्या लयबद्ध हालचाली आणि ओल्या गरम पट्ट्याही आहेत. हे वैद्यक शिकणारा डॉक्टर आधी रीतसर वैद्यकीय पदवी घेतो, ही बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

स्टायनर यांची देह-आत्म्याची मांडणी मला पटत नाही. मिसलटो या बांडगुळाच्या अर्काची इंजेक्शने तिकडे देतात, पण त्यांनी कर्करोग बरा होतो असे सिद्ध झालेले नाही. घ्यायची ती शुश्रूषेची शिस्त. नर्सिंग केलेली माझी चुलतबहीण रात्री तेल आधी स्वतःच्या तळहातावर चोळून कोमट करायची, मग मावशीच्या घोट्यापासून बोटांपर्यंत सावकाश हात फिरवायची, लोकरीचे मोजे चढवायची आणि खोलीत कोणाला बोलू द्यायची नाही. आजार त्याने हटला नाही. मावशीला झोप मात्र लागायची. केमोने पाय बधिर झाले होते आणि चटका कळला नसता, म्हणून गरम पाण्याची पिशवी डॉक्टरांनी बंद केली होती. जोड-उपचारालाही डॉक्टरांची देखरेख लागते ती अशी.

आपल्या रुग्णालयांनी दोन सिस्टरांना हे काम शिकवावे, त्यासाठी एक शांत खोली द्यावी आणि घरी चाललेला प्रत्येक उपाय केसपेपरवर लिहावा. सांगली तर हळदीची पेठ. भाजीतल्या हळदीची काळजी नको, पण हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल डॉक्टरांना न सांगता घेतल्या तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा परिणाम वाढू शकतो, यकृतालाही इजा होऊ शकते. "घरी आणखी काय देता?" हे डॉक्टरांनी न रागावता विचारले, तर नातेवाईक खरे सांगतील.