‘कॅसेटच खराब हाय’ म्हणे!

लग्नाची जुनी कॅसेट डीव्हीडीवर करून आणायची, हौसेनं लावायची आणि बघायचं काय? नवरीचा चेहरा सपाट, भटजी चौकोन-चौकोन झालेले, नवरदेवाच्या धोतराला चुणी नाही की काठ नाही, नुसता पांढरा डाग. विचारायला गेलं की उत्तर ठरलेलं: "कॅसेटच खराब हाय की हो, आमी काय करनार?" बेळगावात विचारा, खानापुरात विचारा, निपाणीत विचारा, उत्तर तेच. दुकानाच्या पाटीवर कुठली भाषा मोठी यावरनं इथं रान उठतंय, पण पाटीच्या आत कॅसेटीची काय वाट लावतात ते बघायला कुणाला सवड नाही.

व्हीएचएस, म्हणजे ही घरगुती व्हिडिओ कॅसेट, मुळातच गरीब. आडवा तपशील जेमतेम 240 रेषांचा, रंगाचा त्याहून पुष्कळ कमी. डीव्हीडीत 720 बाय 576 ठिपके मावतात. म्हणजे पट्टीवर जे आहे ते सगळं डिस्कवर यायला जागा आहे, वर उरते. चांगल्या व्हीसीआरवर लावून जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत जे दिसतं, त्याहून डिस्क वाईट दिसत असेल तर मधल्या वाटेत माती खाल्लेली आहे, बस्स.

सगळ्यात मोठा दरोडा व्हीसीडीचा, म्हणजे डीव्हीडीच्या आधीच्या हलक्या डिस्कचा. 352 बाय 288 चं चित्र, सेकंदाला 1150 किलोबिट. कॅसेटवर सेकंदाला 50 फील्ड (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं) असतात, त्यातलं एकाआड एक फील्ड यात सरळ फेकून दिलं जातं. उभा तपशील अर्धा, हालचाल अर्धी. अनेकांनी ते करून घेतलं आणि मूळ कॅसेट भंगारात घातली. आता ‘डीव्हीडी करून द्या’ म्हटलं की तीच व्हीसीडी ताणून नव्या डिस्कवर चढवायची आणि नवीन कामाचे पैसे घ्यायचे. फाईल 720 बाय 576 दाखवते, आत माल व्हीसीडीचाच.

आणि हा एका डिस्कचा हट्ट कुणी लावून दिला? ई-180 कॅसेट तीन तासांची. 4.7 जीबीच्या डिस्कवर तासाभराचं चित्र सेकंदाला 8 मेगाबिटनं छान बसतं. तेच तीन तास कोंबले की आवाज धरून साडेतीन मेगाबिटच्या आत यावं लागतं. त्यात व्हीएचएसची मुंगी-मुंगी, म्हणजे चित्रावर सळसळणारे ठिपके, ती दर फ्रेमला वेगळी असते, एन्कोडर (चित्र दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर) निम्मे बिट तिच्यावरच उधळतो. शिवजयंतीच्या चित्ररथाची रात्रीची मिरवणूक घ्या: अंधार, हॅलोजन, गर्दी, हलते झेंडे. तिथं साडेतीन मेगाबिट म्हणजे चिखल. दोन-तीन डिस्क वापरा की! कोऱ्या डिस्कला असे किती पैसे पडतात? एकाच डिस्कवर बसवायचं असेल तर निदान 352 बाय 576 करा. डीव्हीडीला ते चालतं, व्हीएचएसचा आडवा तपशील त्यात जवळपास मावतो आणि बिट निम्म्या ठिपक्यांत वाटले जातात. हे सांगितलं की समोरचा असा बघतो जणू त्याच्याकडं उधारी मागितली.

मशीनकडं येऊ. डेक म्हणजे व्हीसीआर धुळीनं भरलेला, पट्टी ओढणारा पिंच रोलर कडक झालेला, पट्टी वाचणारं हेड कधी पुसलंय देव जाणे. नवीन व्हीसीआर बनवणारी शेवटची जपानी कंपनी फुनाई, तिनं 2016 च्या जुलैत उत्पादन थांबवलं. म्हणजे आहे ते डेक जपायचे. हेड पुसायला शॅमॉय लेदरची (मऊ चामड्याची) काडी आणि 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. काडी हेड बसवलेल्या फिरत्या ड्रमला अलगद टेकवून स्थिर धरायची आणि ड्रम हातानं आडवा फिरवायचा. काडी खालीवर घासली की हेडचा तुकडा उडालाच. कानात घालायच्या कापसाच्या काड्या तर अजिबात नकोत, तंतू हेडात अडकतात. कॅसेट लावायच्या आधी एकदा शेवटपर्यंत पुढं आणि परत मागं गुंडाळायची, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटून बसलेल्या पट्टीचा ताण सारखा होतो. मग ट्रॅकिंग, म्हणजे हेड पट्टीवरच्या रेघांवर नीट बसवणं, त्या कॅसेटपुरतं जुळवायचं. किती जण करतात हे? ‘आटोमेटिक हाय’ म्हणून चहा प्यायला जातात.

पाऊस तर आपल्याकडं पाचवीला पुजलेला. खानापूर भागात माळ्यावरच्या ट्रंकेतली कॅसेट तिच्याच पारदर्शक खिडकीतून बघा, रिळाच्या कडेला पांढरे ठिपके दिसतील. ती बुरशी. अशी कॅसेट डेकमध्ये घातली की बुरशी हेडवर, आणि तिथनं पुढच्या गिऱ्हाइकाच्या कॅसेटवर. आधी न बघता कोंबणाऱ्याला काय म्हणावं? तिच्यासाठी वेगळा भंगार डेक ठेवायचा, तोंडाला मास्क बांधायचा आणि तिथंच पट्टी पुसून घ्यायची. डबा फुटला असेल तर खालचे पाच स्क्रू काढून रिळं दुसऱ्या डब्यात बसतात. पट्टी तुटली तर स्प्लायसिंग टेपच लावायची. घरातली सेलोटेप लावली की तिचा गोंद बाहेर येतो आणि हेडला चिकटतो.

आता कॅसेटचं चित्र कॉम्प्युटरात घेणारा तो दीडदमडीचा यूएसबी तुकडा, नाहीतर पिवळी पिन एचडीएमआयमध्ये बदलणारी डबी. ती डबी 50 फील्डचं चित्र स्वतःच्या अकलेनं जोडून 60 हर्ट्झवर फेकते. वरातीतला घोडा ठेचकाळत चालतो तो म्हणून. डेकला एस-व्हिडिओ (उजेड आणि रंग वेगळे नेणारी जोडणी) असेल तर तीच वायर वापरायची. मध्ये टाइम बेस करेक्टर, म्हणजे ओळींची वेळ सारखी करणारं यंत्र हवं, नाहीतर सरळ उभे खांब लाटेसारखे वाकतात आणि फ्रेम गळतात. फ्रेम गळल्या की मंगलाष्टकाचा आवाज पुढं आणि ओठ मागं. खरा करेक्टर महाग आहे, कबूल. पण पॅनासॉनिकचा जुना डीएमआर-ईएस10 किंवा ईएस15 रेकॉर्डर मध्ये नुसता जोडला, त्यात रेकॉर्ड न करता सिग्नल पुढं जाऊ दिला, तरी बरंचसं काम होतं. कॅप्चर हफवाययूव्हीसारख्या लॉसलेस, म्हणजे काहीही न गमावणाऱ्या कोडेकमध्ये, तासाला साधारण 30 ते 40 जीबी. हार्ड डिस्क भरते म्हणून थेट एमपीईजीत (डीव्हीडीच्या दाबलेल्या फॉरमॅटात) दाबणं म्हणजे कच्चा मालच नासवणं. आणि सुरू करण्याआधी हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) बघून ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट उतरवा. एकदा कापला गेलेला पांढरा रंग नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरला सापडत नाही. धोतराचा डाग झाला तो इथं!

करंटचंही तेच. यूपीएस कॉम्प्युटरला लावतात, डेकला नाही. मध्येच करंट गेलं की पट्टी ड्रमला वेढा घालून आत अडकून पडते.

इतकं नासवून पोट भरत नाही म्हणून मग सजावट. 4:3 चं चित्र ओढून 16:9, म्हणजे सगळी वरात तिसऱ्या हिश्शानं जाड. खाली हेड स्विचिंगची, म्हणजे एका हेडवरनं दुसऱ्यावर जाताना फाटलेली दोन बोटं पट्टी दिसते, ती काळ्यानं झाकायची सोडून अख्खं चित्र झूम, म्हणजे वरनं फेटे गेले. फील्डचा क्रम उलटा, त्यामुळं हात हलला की थरथरतो. कॅसेटचं सहसा वरचं फील्ड आधी, मिनी डीव्हीचं (कॅमेऱ्याच्या छोट्या डिजिटल कॅसेटचं) खालचं आधी, इतकं साधं आहे ते. आणि कळस म्हणजे मूळ आवाज पुसून सिनेमाची गाणी! अहो, त्या आवाजात आजीचा उखाणा होता, बायकांच्या ओव्या होत्या, मागं कुणीतरी कानडीत आचाऱ्याला हाक मारत होतं. ते पुसायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? वर कोपऱ्यात तीन तास दुकानाचा फोन नंबर.

डिस्क 16 च्या वेगानं जाळायची, जाळलेलं बरोबर वाचता येतं का ते तपासायचं (व्हेरिफाय) नाही, वर कागदी स्टिकर चिकटवायचं. स्टिकरनं डिस्कचा तोल जातो, प्लेअर अडखळतो. 4 किंवा 8 च्या वेगानं जाळा, नाव मार्करनं लिहा आणि लॉसलेस फाईल गिऱ्हाइकाच्या हार्ड डिस्कवर घालून द्या. ती मागितली की म्हणे ‘डिलीट झाली’. कॅसेट मागितली की म्हणे ‘आता कशाला पायजे, टाकली की’. टाकली? कुणाला विचारून टाकली?