तिरंगा आणि माझी कंबर

आमच्या बेळगावात अंगावर रंग चढवायचा तर आधी तारीख बघावी लागते. १ नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाला, काळा शर्ट घातला की मराठी सीमावासीयांचा निषेध, लाल-पिवळा घातला की कन्नड अभिमान. मी त्या दिवशी पांढरा बनियन घालून घरात कुंदा खात बसतो. म्हणून गल्लीतल्या पोरांनी १५ ऑगस्टला सगळ्यांचे एकसारखे शर्ट आणि त्यावर तिरंगा असं ठरवलं, तेव्हा मला हायसं वाटलं. या रंगांना मराठीतही हरकत नाही, कन्नडमध्येही नाही.

हरकत कायद्याची निघाली, आणि ती काढली मीच. रिटायर्ड माणसाच्या हाती कायदे लागू नयेत. १९७१ चा राष्ट्रीय सन्मानाचा कायदा आहे. त्यात २००५ मध्ये बदल झाला आणि पोशाखात तिरंग्याला जागा मिळाली, पण कमरेच्या वरच. शिवाय उशी, रुमाल, अंतर्वस्त्रं किंवा कपड्याच्या कापडावर तो छापायचा नाही, भरायचाही नाही.

"मग शर्टावर ऱ्हायचा कशानं काका? देशभक्तीनं?" एका पोरानं विचारलं.

शेवटी तिरंग्याची वेगळी पट्टी आणून चार टाक्यांवर लावायची ठरली. इथल्याच शहापूर भागातले टेलर मास्तर टेप घेऊन माझ्याभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "कंबर कुठं धरू सर?"

कायदा प्रत्येक नागरिकाला कंबर असते असं धरूनच चाललाय. माझी होती, १९९२ पर्यंत. किल्ला तलावाजवळच्या उंच ध्वजस्तंभाला ही भानगड नाही. तो वरपासून खालपर्यंत सारखाच. तसा मीही, पण माझी कुणी उभारणी केलेली नाही. मास्तरांनी अंदाजानं खिशावर पट्टी लावली.

खरी आफत धुण्याची. बायकोनं शर्ट धुऊन दोरीवर टाकला. शर्ट कायम उलटा, खालच्या टोकाला चिमटे. म्हणजे केशरी खाली!

"अगं, केशरी खाली ठेवणं गुन्हा आहे!"

"जाणूनबुजून ठेवला तर ना?"

"तू काय झोपेत धुणं घालतेस?"

"अहो, मी शर्ट वाळत घातलाय, झेंडा नव्हे. आणि एवढी काळजी असेल तर तुम्हीच उभे राहा धरून."

ऑगस्टातला बेळगावचा पाऊस. शर्ट दोन दिवस हँगरला, पंख्याखाली, केशरी वर. येता-जाता मी सवयीनं ताठ होत होतो. बायको तेवढ्यात कांदे आणायला पिटाळायची.

१५ ऑगस्टला धो धो पाऊस. सगळी गल्ली एकसारख्या शर्टांवर आपापले रेनकोट घालून उभी. ध्वजवंदन झालं, फोटोसाठी रेनकोट काढले, तर माझा खिसा मोकळा. चारही टाके दमट धाग्यासकट सुटलेले. पट्टी पोटावरून घसरत येऊन बेल्टाच्या बकलात अडकली होती, बरोबर काठावर.

पोरं वाकून बघायला लागली. कमरेच्या वर की खाली, यावर दोन तट पडले.

"थांबा काका," एकजण म्हणाला, "मास्तरांना टेप घेऊन बोलावतो."