माझ्या आईचा कॅप्टन दीप अरुण सरनाईकच होता

दुपारपासून डोकं तापलंय म्हणून लिहायला बसलेय. पोस्ट लांब होणार आहे. घाईत असाल तर रात्री निवांत वाचा, पण वाचा.

आज सांगलीत विश्रामबागेत एका सभागृहात वाचनावर कार्यक्रम होता. वक्ते बाहेरगावचे, मोठे. नाव घेत नाही. भाषण ठीक झालं. शेवटी प्रश्नोत्तरं सुरू झाली तेव्हा कॉलेजातली एक मुलगी उठली. बारीक आवाजात म्हणाली, "सर, मी सध्या हेरकथा खूप वाचते. पण कुठलीही घेतली तरी नायकाच्या जागी मला मनोज वाजपेयीच दिसतो. असं होऊ नये म्हणून काय करावं?"

किती सरळ प्रश्न! वाचणारं पोरच असा प्रश्न विचारू शकतं. वक्त्यांनी माईक ओढला आणि म्हणाले, "मग वाचता कशाला? सिनेमाच बघा की!"

हशा. काही जणांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. पोरगी खाली बसली आणि कार्यक्रम संपेपर्यंत सॅकच्या चेनशी चाळा करत राहिली. वक्ते मात्र थांबेनात. ज्याला वाचताना नट दिसतात त्याची कल्पनाशक्ती आळशी असते, तो कच्चा वाचक, त्याला शब्द पेलत नाहीत, असं बराच वेळ चाललं होतं.

कच्चा वाचक? म्हणजे माझी आई कच्ची वाचक होती?

आई लग्न होऊन गावभागातल्या वाड्यात आली तेव्हा आजोबांचा नियम होता, सुनांनी थेटरात जायचं नाही. वर्षाकाठी एखादा संतपट चालायचा, तोही सगळं घर बरोबर घेऊन. पण पोस्टर बघायला कुणी बंदी घालू शकत नव्हतं. भाजीला जाताना चौकातली रंगवलेली पोस्टरं आई नीट बघून यायची. कोण उभं आहे, कुणाच्या हातात पिस्तूल आहे, कुणाच्या कपाळावर आठी आहे, सगळं तिच्या लक्षात राहायचं. आणि पुस्तकं आणायचा मामा. भाड्यानं पुस्तकं देणारं एक दुकान होतं, तिथून तो रहस्यकथा पिशवीत घालून आणायचा, वरून कोथिंबिरीची जुडी. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड आईनं माहेरीच वाचून काढले होते. सासरी आल्यावर पुढं गुरुनाथ नाईकांचे नायक, कॅप्टन दीप आणि मेजर अविनाश भोसले आले. या दोघा लेखकांच्या नावावर हजार-हजाराच्या वर पुस्तकं आहेत, म्हणजे वाचणारे किती असतील याचा विचार करा. दुपारी घर आडवं झालं की आई माजघरात पिठाच्या डब्यामागून पुस्तक काढायची.

आणि संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता आम्हा भावंडांना ती गोष्ट सांगायची. कशी सांगायची? "तर सरनाईक जिन्यावरून खाली येतो. खाली मिट्ट अंधार. दाराआड कोण उभाय? निळू फुले!" कॅप्टन दीप हे नाव तिच्या तोंडी क्वचितच यायचं. दीप म्हणजे मराठी सिनेमातले नट अरुण सरनाईक, ठरलेलं. खलनायक निळू फुले. दिल्लीतले वरिष्ठ अधिकारी चंद्रकांत मांडरे, कारण हुकूम द्यायचा तर त्यांनीच द्यावा. परदेशी हेर बाई आली की हेलन. कागदपत्रं चोरणारा कारकून मात्र आमच्या वाड्यातले एक भाडेकरू होते, त्यांना बिचाऱ्यांना आयुष्यभर पत्ता नव्हता.

आता सांगा, ही आळशी कल्पनाशक्ती? जिला थेटराची पायरी चढू दिली नाही, तिनं माजघरात बसून सिनेमे काढले. नट निवडले, त्यांना कपडे दिले, संवाद दिले, अंधार कुठं आणि उजेड कुठं हे ठरवलं. ज्या बाईनं सरनाईकांना पडद्यावर फारसं पाहिलेलंच नव्हतं, तिनं त्यांच्याकडून मनात केवढं काम करून घेतलं! आणि हे महाशय म्हणणार, सिनेमाच बघा. अहो, बघू दिला असता तर बघितला असता तिनं!

थोडं पाणी पिऊन आले.

त्या काळच्या रहस्यकथा ज्यांनी वाचल्यात त्यांना माहीत आहे, नायकाचं वर्णन किती असायचं. उंचापुरा, रुबाबदार, भेदक नजर. संपलं. पुढच्या ओळीत गाडी सुरू. महिन्याला नवं पुस्तक द्यायचं, पानं मोजकी, त्यात नायकाचं नाक कसं आणि हनुवटी कशी हे सांगायला लेखकाला सवड कुठली? ती जागा लेखकानं वाचणाऱ्यासाठीच सोडलेली होती. तिथं आईनं सरनाईकांना बसवलं. कोल्हापूरचे, म्हणजे आपल्याच भागातले. आवाज दमदार, उभं राहणं ताठ, आणि चेहऱ्यावर पटकन काही दिसू द्यायचं नाही. हेराला आणखी काय लागतं?

बरं, मराठी रहस्यकथा हलक्या म्हणून सोडून देणारे लोक आहेत, त्यांच्यासाठी इंग्रजी घ्या. इयन फ्लेमिंगची पहिली बाँड कादंबरी १९५३ साली आली, तिच्यात नायिकाच म्हणते की हा होगी कारमायकेलसारखा दिसतो. कारमायकेल अमेरिकेतला गायक-संगीतकार, सिनेमांतही काम केलेला. म्हणजे बाँड जन्माला आला तोच एका ओळखीच्या चेहऱ्याचा आधार घेऊन! पुढं १९६२ साली शॉन कॉनरीचा पहिला बाँडपट आला. फ्लेमिंगला हा नट आधी पसंत नव्हता म्हणतात. पण १९६४ च्या कादंबरीत बघा, बाँडचा बाप स्कॉटिश निघतो. कॉनरी स्कॉटलंडचा. खुद्द लेखकाच्या डोळ्यांपुढं नट येऊन उभा राहिला, त्याच्या हिरोची वंशावळ बदलली, तरी त्याला कुणी कच्चा लेखक म्हटलं नाही. सांगलीतली एक पोरगी तेच म्हणाली तर हसायचं?

हो, एक गोष्ट कबूल करते. नट कधी कधी पुस्तक खाऊन टाकतो. जॉन ल कॅरेच्या हेरकथांतला स्मायली पुस्तकात बुटका, जाडा, अंगावर न बसणारे कपडे घालणारा. १९७९ साली बीबीसीच्या मालिकेत अॅलेक गिनेसनं तो केला आणि नंतर लोकांना गिनेसच दिसायला लागला. लेखकालाही हे पात्र पहिल्यासारखं आपलं वाटेनासं झालं होतं. पुस्तकातल्या बाँडच्या उजव्या गालावर व्रण आहे, कॉनरीला डोळ्यांपुढं धरून वाचणारे तो विसरतात. असं होतं. पण मग व्रणाची ओळ आली की परत आठवतो, त्यात काय एवढं.

खरा राग मला दुसऱ्याच गोष्टीचा येतो आणि त्यावर कुणी बोलत नाही. सिनेमा निघाला की पुस्तकाचं जुनं मुखपृष्ठ काढून त्यावर नटाचा फोटो छापतात. तो चेहरा वाचणाऱ्यानं निवडलेला नसतो, तो विकणाऱ्यानं चिकटवलेला असतो. पान उलटायच्या आधीच नायक ठरला. यावर बोला की भाषणात! आईच्या सरनाईकांना कुणी चिकटवलं नव्हतं. तिनं निवडले होते, आणि नको वाटले तर काढायचा अधिकारही तिचाच होता. एका पुस्तकात कॅप्टन दीप कुणाशी तरी उद्धटपणे वागला तेव्हा तिनं तेवढ्या प्रसंगापुरतं सरनाईकांना बाजूला केलं होतं. "ते असं बोलणार नाहीत," म्हणाली. मला ती संध्याकाळ लख्ख आठवते, भाकरी तव्यावर होती आणि आई खरंच रागावलेली होती. एखाद्या टीकाकाराला लेखकाची चूक इतकी नेमकी सापडली नसती. पात्र कुठं घसरलं हे तिला कळलं, आणि ते तिला त्या नटामुळं कळलं.

आणि हे सगळं बोललं जातं ते कुठं? सांगलीत. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ज्या गावात सीतास्वयंवर हे नाटक उभं केलं, त्या गावात. आपण स्वतःला नाट्यपंढरी म्हणवतो. या गावानं साक्षात रामाला नटाचा चेहरा दिला आणि लोक हात जोडून बसले. शिवचरित्र वाचताना भालजी पेंढारकरांच्या सिनेमातले चंद्रकांत डोळ्यांपुढं आले नाहीत असा जुन्या पिढीतला एक माणूस मला दाखवा. त्यांना कुणी म्हणालं का, की चरित्र ठेवा, सिनेमाच बघा?

हेरांचं तर विचारूच नका. बहिर्जी नाईकांची समाधी आपल्याच जिल्ह्यात आहे, खानापूर तालुक्यात बाणूरगडावर. किती जण जाऊन आलात? बहिर्जी बहुरूपी होते असंच आपण पिढ्यानपिढ्या ऐकत आलोय. फकीर, गोसावी, कोळी, ज्या सोंगात जावं लागेल त्या सोंगात ते शत्रूच्या मुलखात जायचे. बहुरूपी म्हणजे नटच ना? आणि अलीकडचे रवींद्र कौशिक. राजस्थानातल्या श्रीगंगानगरचे, नाटकात काम करायचे. त्यांचं ते कामच हेरखात्याच्या नजरेत भरलं असं सांगतात. पाकिस्तानात दुसऱ्या नावानं, दुसऱ्या माणसाचं आयुष्य ते जगले. पकडले गेले आणि २००१ साली तिथल्याच तुरुंगात वारले. कुठल्या रंगभूमीवर कुणी इतकी वर्षं एक भूमिका केलीय? जो हेर आहे तो आतून नट असतोच. त्या मुलीला हेराच्या जागी नट दिसला तर तिनं हेर बरोबर ओळखला, असं मी म्हणेन. तिनं निवडलेला नटही चुकीचा नाही. मनोज वाजपेयी गर्दीत शेजारी उभा राहिला तर पटकन लक्षात येणार नाही, आणि हेराचं पहिलं काम तेच.

लिहिता लिहिता राग बराच उतरलाय. वक्त्यांनी मुद्दाम दुखावलं असं मला वाटत नाही. टाळी मिळणार हे दिसलं आणि बोलून गेले. माझा राग टाळ्या वाजवणाऱ्यांवर जास्त आहे. त्यातले दोन-तीन जण माझ्या ओळखीचे आहेत, ही पोस्ट ते वाचतील. तुमच्या घरातसुद्धा दुपारी पुस्तक लपवून वाचणारी कुणीतरी होती. आठवून बघा.

अरुण सरनाईक १९८४ साली मोटार अपघातात गेले. बातमी आली त्या दिवशी आई स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही. बरेच दिवस रहस्यकथेला हात लावला नाही. मग एकदा मामा नवीन पुस्तक घेऊन आला आणि त्यानं भीत भीत विचारलं, "आता दीप कोण गं?" आई म्हणाली, "तेच. ते कुठं जातायत?" आणि पुस्तक घेऊन आत गेली. आजोबा तोवर वारले होते, थेटराची बंदी कधीच उठली होती, घरात टीव्हीसुद्धा येऊ घातला होता. सिनेमा बघायची आता पूर्ण मोकळीक होती. तरी ती वाचत राहिली, आणि शेवटपर्यंत तिच्या पुस्तकांत सरनाईक चाळिशीचेच राहिले. हे कुठल्या सिनेमात बघायला मिळालं असतं?

त्या मुलीला मी कार्यक्रमानंतर शोधलं, पण ती निघून गेली होती. कुणाच्या ओळखीची असेल तर तिला एवढा निरोप द्या: काहीही करू नकोस. मनोज वाजपेयीला काढू नकोस. वाचताना तो आपोआप निघून गेला तर जाऊ दे, दुसरा आला तर येऊ दे. आणि माझ्याकडं कॅप्टन दीपच्या जुन्या प्रती आहेत, मामानं शेवटी विकत घेतलेल्या. पानं पिवळी पडलीत पण शाबूत आहेत. घरी येऊन खुशाल घेऊन जा, परत करायची घाई नाही.

बाकीच्यांनी आता खाली लिहा, तुमच्या घरी झुंजार कोण होता, काळा पहाड कोण होता, मेजर भोसले कोण होते. भोसल्यांसाठी मी कुलदीप पवार धरलेत, यापेक्षा चांगलं नाव असेल तर सांगा, बदलायला तयार आहे. कॅप्टन दीपबद्दल मात्र वाद घालू नका, ती जागा भरलेली आहे.