फरशीखालच्या ओलीबद्दल आपण दिलेल्या दोन स्टारला उत्तर

नमस्कार साहेब,

"दीड हजार घेतले, जमिनीवर प्लास्टिक चिकटवलं, बाथरूममध्ये रंगीत पाणी ओतलं आणि काम न करताच गेले. दुसऱ्याने मशीन लावून पाच मिनिटांत सांगितलं, हॉलला इपॉक्सी मारा." आपण लिहिलेलं सगळं घडलेलं आहे. ते कशासाठी केलं, तेवढं राहून गेलंय.

पैशांचं आधी. दीड हजार ओल शोधायचे होते, हे फोनवरच ठरलं होतं. काम दिलंत तर ते बिलातून वजा होतात.

आता प्लास्टिक. पावसाळ्यात कोकणात धडधाकट घरातही थंड टाइलवर दमट हवेचं पाणी सुटतं, आणि त्यापायी लोक उगाच फरशी फोडून बसतात. म्हणून सांधे मधोमध येतील असा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवला. काढताना आपण शेजारीच उभे होता. वरची बाजू कोरडी, खाली थेंब. म्हणजे पाणी खालूनच.

खालून म्हणजे कुठून, हा खरा प्रश्न. मागच्या डगरीचं पाणी जोत्याखाली येतं, असं आपलं म्हणणं. जांभा पाणी पितो, तेव्हा रत्नागिरीत ही शंका कुणालाही येईल. पण वहिनी बोलता बोलता म्हणाल्या की मे महिन्यातही हॉलमधला ओलीचा पट्टा असाच काळा होता. विहिरीने तळ गाठलेला असताना डगर कुठून पाझरणार? (पावसाळ्यात थोडी भर डगरही घालत असेल, ते मी नाकारत नाही.)

मग घरातलं पाणी तपासलं. सगळे नळ बंद केल्यावर मीटर हलला नाही, लाइनला पंपाने दिलेलं प्रेशरही टिकलं. पण सांडपाण्याची गळती मीटरवर दिसत नाही. त्यासाठी नहाणी ट्रॅपच्या (बाथरूमच्या जाळीखालच्या, सांडपाणी जाण्याच्या भांड्याच्या) आत बूच मारून रंगीत पाणी भरलं. सकाळी पाणी पेन्सिलच्या खुणेच्या बोटभर खाली होतं. रात्रीत एवढं वाळत नाही. आणि हॉलच्या स्कर्टिंगच्या (भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीच्या) सांध्यात फिरवलेल्या कापसाला तोच हिरवा रंग लागला.

मशीन आमच्याकडेही आहे. ते ओल किती ते दाखवतं, कुठून ते नाही. लोणा आलेल्या जागी तर क्षारांमुळे आकडा उगाच चढतो. इपॉक्सी म्हणजे फरशीवर वरून मारायचं कोटिंग, त्याने ट्रॅपची गळती थांबत नाही. वाट बंद झाली की पाणी भिंतीत चढतं, आणि खालच्या वाफेने कोटिंगला फोड येतात. म्हणून हॉलचं काम घेतलं नाही. घेतलं असतं तर बिल मोठंच झालं असतं.

काम ट्रॅपभोवतीच्या चार टाइल काढून सांधा नव्याने करण्याचं आहे. त्यानंतरही हॉल लगेच कोरडा होणार नाही. काँक्रीट चांगल्या हवेत साधारण महिन्याला इंचभर वाळतं. आपल्याकडे खाली मुरूमही भिजलेला आहे. दिवाळीपर्यंत वर काहीही लावू नका.

इपॉक्सी मारून झालं असेल तर निदान ते बाथरूम वापरणं थांबवा, वरच्या मजल्यावरचं आहेच. ट्रॅपचे आणि खुणेचे फोटो आपल्या व्हॉट्सॲपवर आहेत. काम दुसऱ्याकडून करून घेतलंत तरी त्याला ते दाखवा.